शेऱ्याचा रकाना

फेब्रुवारी लागला की मी वाईट बाई होते. असं आमच्या शाळेतली पोरं म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. एरवी एक दिवस उशिरा पुस्तक आणणाऱ्याला मी एखाद वेळी डोळे वटारून सोडून देते. फेब्रुवारीत सोडत नाही. सिल्वासाच्या हायस्कूलचं ग्रंथालय म्हणजे चौदा कपाटं, गुजराती, मराठी आणि हिंदी मिळून सहा हजार पुस्तकं, आणि त्यांच्यामागे धावणारी मी एकटी. मदतीला चिंधा शिपाई, तोही घंटेची वेळ झाली की हातातलं पुस्तक जिथल्या तिथे टाकून पळणारा.

वर्षअखेरीची कामं एकात एक अडकलेली असतात. आधी सगळी पुस्तकं परत मागवायची. मग एकेका कपाटापुढे बसून मोजणी करायची. चिंधा आकडा वाचणार, मी दाखल नोंदवहीत खूण करणार. ज्यांची शिवण सुटली ती शिवायला पाठवायची. ज्यांना वाळवी लागली, पानं गेली, ती वेगळी काढून त्यांच्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने 'बाद' लिहायचं. एकदा बाद लिहिलं की ते पुस्तक मेलं. पुन्हा कपाटात जात नाही.

या शब्दाचा मी पोरांवरही उपयोग करून घेत असे. दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी प्रार्थनेनंतर पुढे उभी राहून मी दहावीच्या मुलांना ठणकावायची, "अठ्ठावीस तारखेपर्यंत ज्याचं पुस्तक आलं नाही, त्याची परीक्षाच बाद करून टाकीन!" परीक्षा बाद करायचा मला काय अधिकार? काडीचाही नाही. पण पोरं घाबरायची आणि पुस्तकं यायची. चौदा वर्षांत एकही पुस्तक हरवलं नाही, हे मी पाहुण्यांना चहाबरोबर सांगते.

दुसरी माझी खोड भाषेची. मी कणकवलीची. वडील प्राथमिक शिक्षक, त्यांनी लहानपणापासून ऱ्हस्वदीर्घाचे धपाटे घातलेले. इथे आल्यावर कानांचे हालच झाले. खानदेशातून कारखान्यात आलेल्यांची पोरं, मुंबईहून बदली होऊन आलेल्यांची पोरं, आणि आजूबाजूला सगळं गुजराती. "बाई, पुस्तक भेटलं नाही," असं कोणी म्हटलं की मी मान वर न करता म्हणायची, "माणूस भेटतो, पुस्तक मिळतं." ग्रंथालयाच्या दारावर एक पाटी होती, 'रिसेस बाद'. कुणा गुजराती मास्तरांनी लिहिलेली. पहिल्या वर्षी मी ती पुसून 'मधल्या सुट्टीनंतर' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी पाटीवर पुन्हा 'रिसेस बाद'. असं तीनचारदा झाल्यावर मी पाटीचा नाद सोडला.

मंजुषा माझ्याकडे पहिल्यांदा आली ती दिवाळीच्या सुट्टीनंतर. दहावीतली, अंगाने काटकुळी, दोन वेण्या. नरोलीला एका खोलीत राहायची. वडील सुकदेव धुळ्याकडचे, नरोलीतल्याच एका कंपनीत कामाला.

"बाई, मराठीचा शब्दकोश भेटेल का?"

"माणूस भेटतो, पुस्तक मिळतं."

ती गेली. मला वाटलं, रुसली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पुन्हा हजर. "बाई, शब्दकोश मिळेल का?"

मला हसू आलं. शब्दकोश घरी द्यायचा नसतो, तिथेच बसून पाहायचा असतो. ती रोज येऊन पाहू लागली. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. मराठी फक्त शाळेत, आणि नेमकी मराठीचीच तिला धास्ती. वडिलांनी सांगून ठेवलं होतं की दहावी एका दमात सुटली तर पुढे शिकवीन, अडकली तर सरळ कंपनीत. हे तिने मला रडगाणं म्हणून सांगितलं नाही. बस किती वाजता आहे ते सांगावं तसं सांगितलं. म्हणूनच माझ्या मनात राहिलं असेल.

फेब्रुवारीच्या मध्यावर मी चौदा वर्षांत केली नव्हती ती गोष्ट केली. शब्दकोश तिच्या हातात ठेवला. "घरी ने. पण अठ्ठावीसला आणून दाखव, मोजणीत तो दिसला पाहिजे. मग पुन्हा ने आणि पेपर संपले की परत दे."

अठ्ठावीसला ती आली नाही. मी पाच वाजेपर्यंत वाट पाहिली, चिंधापाशी चरफडले. "दिला हात की हे असं!" मग दहावीची यादी भरायला बसले. सेहेचाळीस नावं. ही यादी ऑफिसात जाते आणि ती पाहून हॉल तिकिटं वाटतात. नावापुढे 'जमा' असेल तर तिकीट मिळतं, 'बाकी' असेल तर अडतं. पंचेचाळीस जणांपुढे मी 'जमा' लिहिलं. तिच्या नावापाशी पेन थांबलं. नियमाने 'बाकी' लिहायला हवं होतं. पण पोरीचं तिकीट अडलं असतं. राग गिळला आणि 'बाकी' न लिहिता पुस्तक पेपर संपल्यावर येईल अशा अर्थाचे दोन शब्द शेऱ्यात लिहून टाकले. यादी पाठवली आणि कपाट क्रमांक तीनला लागले. खरं सांगते, त्या संध्याकाळी मी स्वतःवर खूष होते.

परीक्षा सोमवारी सुरू झाली. केंद्र आमच्याच शाळेत. वर परीक्षेचे वर्ग, खाली कोपऱ्यात माझं ग्रंथालय. पर्यवेक्षक बाहेरच्या शाळांमधून आलेले, त्यांना आमची मुलं चेहऱ्याने माहीत नाहीत. अकराची घंटा झाली, साडेअकराची झाली. साडेअकरानंतर कोणाला आत घेत नाहीत. मी आणि चिंधा दार लोटून हळू आवाजात मोजणी करत होतो. पहिला पेपर मराठीचा. मंजुषा वर निबंध लिहीत असेल असं एकदा मनात येऊनही गेलं.

अकरा चाळीसला दारात एक माणूस उभा राहिला. पायातल्या चपला काढून हातात घेतलेल्या. बगलेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"बाई, मी सुकदेव. मंजुषाचा बाप. तुमचं पुस्तक देवाले आलो. ती म्हने, बाईंच्याच हातात देजो."

फडकं सोडलं तर आत शब्दकोश. वर खाकी कागदाचं नवं कव्हर घातलेलं.

"अहो, आज कशाला आणलंत? तिचे अजून सगळे पेपर व्हायचेत. पुढच्या आठवड्यात आणला असता तरी चाललं असतं."

मी त्याची थट्टा करते आहे असं वाटून त्याने माझ्याकडे पाहिलं. "कशाचे पेपर, बाई? ती त सकायीच कंपनीत गेली. पॅकिंगले लावली तिले."

"कंपनीत? आज? परीक्षा सोडून?"

"परीक्षा त बाद केली ना तिची. तुम्हीच केली."

हातातली नोंदवही खाली पडली, ती चिंधाने उचलली. मला वाटलं, हा माणूस प्यायलेला आहे. पण तो शुद्धीत होता, उलट मलाच धीर द्यावा तसं बोलत होता. "तुमचा काही दोष नही, बाई. अठ्ठावीस तारखेले तिची माय तापानं पडेल होती, पोर तिच्यापाशी बसली, शाळेत आली नही. गुरुवारी तिकीट घेवाले गेली त ऑफिसात सांगितलं, तुझी परीक्षा बाद आहे, लायब्ररीच्या बाईंनी लिहून देल आहे. मी म्हटलं, जाऊन बाईंचे पाय धरतो. पोर म्हने, नको. बाईंनी प्रार्थनेत आधीच सांगेल होतं. चूक माझी आहे."

गुरुवारी! गुरुवारी मी भिंतीच्या पलीकडे बसून चौथ्या कपाटाची मोजणी करत होते. ती माझ्या दारावरून गेली असणार.

मी ऑफिसात कशी पोचले ते आठवत नाही. रमाकांत, आमचा कारकून, जानेवारीतच दापोलीहून आला होता. टेबलापाशी डबा उघडून बसला होता. मी टेबलावर हात आपटला. "रमाकांत, मंजुषाचं तिकीट तुम्ही अडवलंत? कोणाला विचारून? अक्कल गहाण टाकली होती की काय?"

तो बिचारा उठून उभाच राहिला. "बाई, तुम्हीच तर लिहिलंय."

"मी? मी असं कशाला लिहीन? दाखवा!"

त्याने खण उघडला. यादी काढली. यादीच्या मागे टाचणीने मंजुषाचं हॉल तिकीट लावलेलं, फोटोसकट. "मलाही फार कडक वाटलं, म्हणून मी मुख्याध्यापकांना तोंडी विचारलं. ते घाईत होते. म्हणाले, शोभाबेननी लिहिलंय तसंच करा, त्या लिहिण्यात चुकत नाहीत. आणि प्रार्थनेत तुमचं बोलणं मी स्वतः ऐकलं होतं, बाई."

मी यादी ओढून घेतली. जमा, जमा, जमा, जमा. सदतिसावं नाव मंजुषाचं. त्यापुढे माझ्याच वळणदार, वडिलांनी घोटवून घेतलेल्या अक्षरात लिहिलं होतं, 'परीक्षा बाद'.

मी ते वाचलं. मग मोठ्याने वाचलं. मोठ्याने वाचल्यावर कळलं. लिहिताना माझ्या मनात होतं, परीक्षेनंतर. दारावरच्या पाटीवर आहे तसं. चौदा वर्षं सहकाऱ्यांशी गुजरातीत बोलता बोलता तो शब्द कधी माझ्या हातात शिरला, मला कळलंसुद्धा नाही. आणि मी पोरांचं 'भेटलं' आणि 'मिळालं' दुरुस्त करत बसले होते!

आरडाओरडा ऐकून मुख्याध्यापक बाहेर आले. ते नवसारीचे. त्यांनी चष्मा चढवून यादी पाहिली, मग माझ्याकडे, मग रमाकांतकडे. "आमां शुं वांधो छे? परीक्षा बाद आपशे, एम ज ने?" पुस्तक परीक्षेनंतर देईल, यात अडचण कसली, असं त्यांचं म्हणणं.

"सर, बाद म्हणजे रद्द!" रमाकांत म्हणाला.

"रद्द केम? बाद एटले पछी, नंतर!"

एकाच कागदावरच्या दोन शब्दांवर दोघं माझ्यासमोर हुज्जत घालत होते, आणि दोघांचंही बरोबर होतं. चुकलं होतं ते फक्त माझं. सुकदेव चपला हातात धरून दारात उभा होता आणि आमच्या तोंडाकडे पाहत होता. त्याला काही कळत नव्हतं. मग हळूहळू कळलं. त्याने विचारलं, "म्हंजे, परीक्षा होती तिची?"

मी हॉल तिकीट घेऊन जिना चढले. केंद्रप्रमुख वापीहून आलेले, सज्जन गृहस्थ. मी त्यांच्यापुढे हात जोडले. आयुष्यात कोणापुढे जोडले नव्हते. ते म्हणाले, "बाई, बारा वाजत आले. मुलगी इथे असती तरी मला घेता आलं नसतं. उरलेल्या पेपरांना पाठवा. हा विषय ऑक्टोबरला." त्यांच्या खांद्यावरून मला वर्ग दिसत होता. खिडकीपाशी एक बाक रिकामा. त्यावर खडूने तिचा नंबर लिहिलेला.

रिक्षा करून मी सुकदेवबरोबर नरोलीला निघाले. अथालचा पूल ओलांडला. मग मीच म्हणाले, "सुकदेवभाऊ, तिला बाकीच्या पेपरांना बसू द्या. आपण एका दमात म्हणाला होतात, ते मला माहीत आहे. पण हा दम तिचा नाही सुटला, माझा सुटला."

तो रिक्षावाल्याला कंपनीचा रस्ता सांगू लागला.

कंपनीच्या फाटकावर पहारेकऱ्याने आत निरोप पाठवला. दहा मिनिटांनी ती आली. डोक्याला फडकं बांधलेलं, केसांवर पांढऱ्या धाग्याची कुसं. मला पाहून तिने आधी काय केलं असेल तर फडकं सोडलं आणि नीट उभी राहिली, वर्गात उभी राहते तशी.

"बाई, शब्दकोश मिळाला ना?"

'भेटला' म्हणाली नाही. मला तिथेच मेल्यासारखं झालं.

मी सांगितलं. फिरवून नाही, जसं घडलं तसं. बाद म्हणजे नंतर असं माझ्या मनात होतं, तुझं तिकीट अडवायचं नव्हतं, उलट सोडवायचं होतं. ती ऐकत होती.

"म्हणजे आज पेपर होता?"

"हो."

"मराठीचा?"

"हो."

ती फाटकाच्या कट्ट्यावर बसली. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. "मी कोशात पाहिलं होतं, बाई. गुरुवारी घरी गेल्यावर. मला वाटलं, आपल्यालाच शब्द कळत नसेल, आणखी काही अर्थ असेल. कोशात एकच होता. बाद, रद्द झालेले, काढून टाकलेले." ती थांबली. "दुसरा अर्थ असता तर मी आले असते विचारायला."

मग तिने माझ्याकडे वर पाहिलं आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "बाई, 'नंतर' लिहायला काय झालं होतं? आम्हाला 'भेटलं' म्हणू देत नाही तुम्ही!"

पहारेकरी वळून पाहू लागला. सुकदेव पुढे झाला. मला वाटलं, पोरीला दटावणार. त्याने तिच्या केसांवरचा धागा काढला. "चल घरी. उद्याच्या पेपरचं वाच. कंपनी काही पळून जात नही."

तिने बाकीचे सगळे पेपर दिले. मी रोज साडेदहाला शाळेच्या फाटकात उभी राहायची, ती आत गेली की ग्रंथालयात जायची. आमच्यात बोलणं नाही. शेवटच्या दिवशी मी शब्दकोश तिच्यापुढे धरला. तिने घेतला, पण 'थँक्यू बाई' म्हणाली नाही, आणि म्हणावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. मी नोंदवहीत लिहिलं, 'ऑक्टोबरच्या परीक्षेनंतर परत येईल.' लिहिलेलं रमाकांतकडून वाचून घेतलं, मग मुख्याध्यापकांकडून. दोघांनी एकच अर्थ सांगितला, तेव्हा वही मिटली.

एप्रिलमध्ये मोजणी संपली. त्या वर्षी एक्केचाळीस पुस्तकं वाळवीत गेली. लाल पेन उघडलं, पण तो शब्द हातून लिहवेना. एक्केचाळीस वेळा 'रद्द' लिहिलं. वरून तपासनीसांनी विचारणा केली की हा शेरा नवा कुठून आला. मी उत्तर पाठवलं नाही. दारावरची पाटीही काढून टाकली. पोरं विचारू लागली, ग्रंथालय कधी उघडतं, आणि मी प्रत्येकाला तोंडी सांगू लागले.

जूनमध्ये निकाल लागला. मंजुषा सगळ्या विषयांत पास, गणितात तर साठच्या वर. मराठीपुढे 'गैरहजर'. गुणपत्रिकेवर तळाला 'अनुत्तीर्ण'. सगळीकडे वर्ग पुढे सरकले, ती कंपनीत गेली. सुकदेवने एका दमाची अट सोडली होती, ऑक्टोबरपर्यंत थांबायला तयार होता, पण घरात बसवून ठेवायची त्याची ऐपत नव्हती. मी दर रविवारी नरोलीला जाऊन तिचे निबंध तपासायची. ती वही पुढे करायची, मी खुणा करायची. चहा बायडाबाई, म्हणजे तिची आई, द्यायची. बोलायची तीही फक्त बायडाबाईच.

ऑक्टोबरचा पेपर झाला त्या दुपारी मंजुषा ग्रंथालयात आली. शब्दकोश टेबलावर ठेवला.

"कसा गेला?"

"बरा गेला." ती दारापर्यंत गेली, मग वळली. "पुस्तक तपासून घ्या, बाई. नंतर मला बोलू नका."

ती गेल्यावर मी सवयीप्रमाणे पान न् पान उलटलं. कोपरे दुमडलेले नव्हते, शाईचा डाग नव्हता. 'ब' आला. बाण, बातमी, आणि मग बाद. छापलेल्या अर्थापुढे समासात शाईने, बारीक नेटक्या अक्षरात लिहिलं होतं, '२. नंतर. — शोभाबाई.'

तिने मला माफ केलं होतं की आयुष्यभर पुरेल असा टोमणा मारला होता, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. पुस्तकात लिहिणाऱ्याला मी चौदा वर्षं मुख्याध्यापकांपुढे उभं केलं होतं. खोडरबर खणात होतं, पण शाई खोडरबराने जात नाही, आणि जात असती तरी मी ती पुसली नसती.

चिंधा दारात आला. "बाई, काय लिहू? पुस्तक बरं आहे ना?"

"बरं आहे," मी म्हटलं. नोंदवही ओढून घेतली आणि शेऱ्याच्या रकान्यात स्वतः लिहिलं, 'जमा'.